बांधावरचे पैसे आणि बाँडातले पैसे
(ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते)



ऊस तुटला, काट्यावर वजन झालं, पेमेंट बँकेत जमा झालं, सोसायटीची कपात झाली. त्यानंतर जी रक्कम हातात राहते तिच्यावर वर्ष काढायचं असतं. मार्चपर्यंत खिसा गरम असतो. मे महिन्यात लग्नसराई, जूनमध्ये शाळा आणि खतं, आणि श्रावण उजाडला की घरोघरी तीच बोलणी सुरू होतात. शेतात ऊस डोक्याएवढा उभा असतो आणि घरात गोळ्या-औषधाला पैसा नसतो. मग कुणाच्या तरी ओट्यावर जाऊन शेकडा तीन रुपये महिन्याने पैसे उचलायचे. शेकडा तीन महिन्याला म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. एवढा नफा कोणत्याही उसात नाही.

गट ऑफिसात याविषयी सारखी विचारणा होते, म्हणून या अंकात लागण-खोडव्याचं बाजूला ठेवून पैशाच्या खोडव्याविषयी लिहीत आहे.

सरकारी बाँड म्हणजे काय हे आपल्या भाषेत सांगायचं तर ती एक लागण आहे. बेणं एकदा लावायचं, खोडवा दर हंगामाला घ्यायचा आणि मुदत संपली की बेणं जसंच्या तसं परत. नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये 1925 पासून तिकिटं आणि मुद्रांक छापले जातात, म्हणजे सरकारी कागद आपल्या जिल्ह्याला नवा नाही. मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी तो स्वतःच्या नावाने घेतला आहे.

रिझर्व्ह बँकेचे फ्लोटिंग रेट सेव्हिंग्ज बाँड 2020 पासून मिळतात. कमीत कमी हजार रुपये, वर मर्यादा नाही, मुदत सात वर्षं. पोस्टाच्या राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राला जो दर असतो त्यापेक्षा 0.35 टक्के जास्त व्याज. 2025 मध्ये हा दर 8.05 टक्के होता. तो दर सहा महिन्यांनी ठरतो, त्यामुळे घेताना चालू दर विचारून घ्यावा. स्टेट बँकेत आणि राष्ट्रीयीकृत बँकांत मिळतात. व्याज वर्षातून दोन वेळा, 1 जानेवारीला आणि 1 जुलैला, सरळ खात्यावर येतं.

यातली जुलैची तारीख आपल्या दृष्टीने मोलाची आहे. आडसालीची लागण जुलै-ऑगस्टची. बेणं, खत, मजुरी सगळं त्याच वेळी लागतं आणि त्याच वेळी हात आखडलेला असतो. समजा एखाद्या सभासदाने पेमेंटमधले पन्नास हजार बाजूला काढून बाँड घेतला. 8.05 टक्क्यांनी वर्षाला 4,025 रुपये, म्हणजे सहामाहीला दोन हजार. यात काय होणार, असं कुणीही म्हणेल. पण दर वर्षी तेवढाच एक बाँड घेत गेलं तर सात वर्षांनी साडेतीन लाख होतात आणि दर तोच राहिला तर वर्षाला 28,175 रुपये येतात. त्यातले चौदा हजार बरोबर आडसालीच्या तोंडावर. आठव्या वर्षी पहिला बाँड सुटतो, तो पुन्हा लावायचा. दर वर्षी एक प्लॉट लागणीला असला की गव्हाणीला दर वर्षी ऊस जातो, तसंच हे.

खोट कुठे आहे तेही सांगितलं पाहिजे. सात वर्षांच्या आत हे पैसे मोडता येत नाहीत. साठ वर्षांवरच्यांना वयाप्रमाणे थोडी सवलत आहे एवढंच. तारणही ठेवता येत नाहीत. म्हणून ज्याच्याकडे अडीनडीला वेगळा पैसा नाही त्याने सगळं यात घालू नये. दुसरं, सात वर्षांनी मिळणाऱ्या लाखात आजच्या लाखाएवढी खताची पोती येणार नाहीत. पोत्याचा भाव थांबत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

महिन्याच्या महिन्याला पैसा हवा असेल तर पोस्टाची मासिक प्राप्ती योजना बरी. 2025 मध्ये दर 7.4 टक्के, एका नावावर नऊ लाख, जोडनावावर पंधरा लाखांपर्यंत. दोन लाख ठेवले तर महिन्याला 1,233 रुपये. त्यात विजेचं बिल किंवा म्हातारीच्या गोळ्या सुटतात. एक वर्षानंतर मोडता येते, थोडी कपात होते. साठी ओलांडलेल्यांसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना, 8.2 टक्के, लाखाला तिमाही 2,050 रुपये. ज्यांनी शेती मुलांच्या ताब्यात दिली आहे त्यांनी ही पहिली पाहावी. मुलगा कितीही चांगला असला तरी तंबाखूला त्याच्याकडे हात पसरणं बरं नव्हे! किसान विकास पत्राचं नाव किसान असलं तरी त्यात मधे काही मिळत नाही, सध्याच्या 7.5 टक्के दराने 115 महिन्यांनी दुप्पट होतं. नातीच्या लग्नाला ठीक, श्रावणातल्या अडचणीला उपयोग नाही.

मात्र या सगळ्याच्या आधी सावकाराचं देणं. छत्तीस टक्क्यांचं कर्ज डोक्यावर ठेवून आठ टक्क्यांचा बाँड घेणारा माणूस उंदराला कोठार दाखवून बाहेर राखण करतो. पीककर्जाचं मात्र उलट आहे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर राज्याच्या व्याज सवलतीमुळे बिनव्याजी पडतं, तेव्हा तारीख चुकवू नये.

कारखान्याचा शेअर हा बाँड आहे का, असंही विचारतात. नाही. शेअरमुळे आपण मालक झालो, मताचा हक्क आला, ऊस नेण्याचा हक्क आला. लाभांश नफा झाला तरच, आणि सहकार कायद्याप्रमाणे तोही पंधरा टक्क्यांच्या वर देता येत नाही. वर्षाचं बजेट लाभांशावर बांधू नये. हे मी कारखान्याच्याच पत्रिकेत लिहितो आहे, यावरून काय ते समजा.

जास्त दर दिसला की पाय तिकडे वळतात. 2014 साली नाशिकमध्ये केबीसीचं प्रकरण उघडकीला आलं. पैसे तिप्पट होण्याच्या आशेने खेड्यापाड्यांतल्या लोकांनी त्यात रकमा भरल्या होत्या. बँकेतल्या ठेवीला 2020 पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. पतसंस्था सगळ्या वाईट असं नाही, पण हा फरक मनात ठेवून किती ठेवायचं ते ठरवावं.

आता बांधाकडे. बाँडाला पैसा लागतो, बांधाला थोडे कष्ट. शेवग्याची पीकेएम 1 ही जात लावल्यापासून सहा-आठ महिन्यांत शेंगा देते. पाच-दहा झाडांचा माल आठवडे बाजारात बाईमाणूस सहज विकून येते, आणि तो पैसा तिच्याच हातात राहतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, तेव्हा झाडं उत्तरेच्या बांधावर लावली तर सावली आपल्या उसावर पडत नाही. ती शेजाऱ्याच्या पिकावर पडते! म्हणून आधी शेजाऱ्याशी बोलावं, नाहीतर शेंगांचे पैसे कोर्टात जायचे.

मधमाशांच्या पेट्यांचा विचार आपल्या भागात जास्त व्हायला हवा. निफाड, चांदवड, येवल्याकडे कांद्याच्या बियाण्यासाठी डेंगळे लावतात. फुलांवर माशी बसली नाही तर बी भरत नाही. त्यामुळे पेटीला मधाशिवाय भाडंही मिळू शकतं. याचं शिक्षण खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या महाबळेश्वरच्या मध संचालनालयात मिळतं. फवारणी चालू असेल त्या दिवसांत पेट्या हलवाव्या लागतात. हे बसून खाण्याचं काम नाही, रोज एक फेरी पाहिजेच.

ज्यांच्याकडे खडकाळ, पडीक तुकडा आहे आणि जवळ विजेचं उपकेंद्र आहे त्यांनी महावितरणकडे सौर कृषी वाहिनी योजनेची चौकशी करावी. 2023 साली जाहीर झालेल्या 2.0 योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि दर वर्षी तीन टक्के वाढ ठरलेली आहे. करार दीर्घ मुदतीचा असतो, सबब सातबाऱ्यावरच्या सर्व हिस्सेदारांची संमती आधी घ्यावी. उसाची काळी जमीन मात्र यात घालू नये.

शेवटचं, कागदाचं. उसाच्या उत्पन्नाला आयकर नाही, व्याज मात्र करपात्र आहे. लागू असेल तर करकपात न होण्यासाठीचा फॉर्म बँकेत वेळेवर द्यावा. प्रत्येक बाँड, पासबुक आणि शेअरवर नामनिर्देशन झालं आहे का ते पाहावं. सभासद गेल्यानंतर शेअरवर नाव लावायला बायका महिनोन् महिने ऑफिसच्या पायऱ्या चढतात, हे आम्ही रोज पाहतो. शेअरच्या नामनिर्देशनाचे फॉर्म प्रत्येक गट ऑफिसात आहेत. चिटबॉयकडे मागितले तरी तो घरी आणून देईल. येताना दोन साक्षीदारांच्या सह्या तेवढ्या घ्याव्यात.