रिकामा फिरतो, भरला की अडतो

एका परिचितांकडे वडिलांच्या पश्चात रीतसर परवान्यावर आलेले .२२ बोअरचे रिव्हॉल्व्हर आहे. रिकामे असताना त्याचा सिलिंडर बोटाच्या धक्क्याने भिंगरीसारखा फिरे. काडतुसे भरून बंद केला की एक-दोन घरे सरकून अडे. स्प्रिंग गेली असावी, असा त्यांचा कयास. परवानाधारक कारागिराच्या बाकावर मी ते उघडलेले पाहिले, तेव्हा स्प्रिंग ठणठणीत होती. दोष मिलिमीटरच्या काही दशांशांचा होता.

तो कळायला आधी काडतूस कळले पाहिजे. पोलिसांच्या वा सैन्याच्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध छोटी टोपी असते, मार तिच्यावर बसतो. रिमफायर काडतुसाला ती टोपीच नसते. पितळी पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली पोकळ कडा असते आणि पेट घेणारे मिश्रण त्या कडेत गोलाकार भरलेले असते. कडा कुठेही चेचली की बार उडतो. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले, ते याच जातीच्या काडतुसावर.

ही कडा आणखी एक काम करते. काडतूस घरात किती खोल जायचे, ते तीच ठरवते. तिची जाडी साधारण १.१ मिलिमीटर. तिच्या मागे रिव्हॉल्व्हरची पोलादी पाठ असते आणि दोहोंत अगदी थोडी फट. काडतूस किंचित बाहेर राहिले तरी कडा पाठीला घासते आणि सिलिंडर अडतो. रिकाम्या सिलिंडरात घासायला काही नसतेच.

हे दुखणे या शस्त्राइतकेच जुने आहे. १८५७ साली आपल्याकडे एनफिल्डच्या कागदी काडतुसांवरून वणवा पेटला. त्याच वर्षी अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने.२२ रिमफायरचे सात बारांचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. तेव्हाच्या मऊ तांब्याच्या पुंगळ्या बार होताच मागे फुगत आणि चक्र अडवत. म्हणून सिलिंडरमागे फिरती चकती बसवावी लागली.

आमच्या परिचितांच्या बाबतीत पुंगळी फुगली नव्हती. वडील सरावाला .२२ शॉर्ट, म्हणजे आखूड काडतुसे वापरत. शॉर्टची पुंगळी सुमारे १०.७ मिलिमीटर लांब, लाँग रायफलची १५.६. आखूड पुंगळी जिथे संपते, तिच्या पुढे घरात काजळी आणि शिसे साचून कडे तयार होते. पुढे लांब काडतूस घातले की ते त्या कड्याला अडते आणि केसभर बाहेर राहते.

त्यात आमचे मीरा-भाईंदर. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये मिठागरे. इथे दाराच्या कड्यांनासुद्धा गंज चढतो. त्यात काडतुसे वर्षानुवर्षे कातडी पट्ट्यात ठेवलेली. कातड्यातल्या द्रव्यांनी पितळेवर हिरवट थर धरतो आणि पुंगळी जाड होते. तिसरे कारण लहान, पण हमखास चुकणारे: पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली अडकलेला न जळलेल्या दारूचा कण.

सिलिंडर रिकामाही अडत असेल, तर मात्र आजार वेगळा. दांडा वाकलेला किंवा त्याचा आटा सुटलेला असू शकतो, नाहीतर सिलिंडरचे पुढचे तोंड काजळीने नळीला घासत असते. दर फेरीला एकाच घरापाशी अडत असेल, तर ते एक घर तपासावे. मॅग्नमचे काडतूस जाड असल्याने .२२ लाँग रायफलच्या घरात जातच नाही. उलट लाँग रायफल मॅग्नमच्या घरात सैल बसते आणि पुंगळी फाटू शकते. तेव्हा ‘बसतंय ना’ ही कसोटी पुरेशी नाही, नळीवरचा छापच वाचावा.

बाहेर राहिलेले काडतूस अंगठ्याने रेटून सिलिंडर बंद करणे, हीच सर्वांत मोठी चूक. ज्या कडेवर आपण जोर देतो, तिच्यातच पेटणारे मिश्रण आहे. पुंगळी घराबाहेर असताना बार उडाला, तर पितळेच्या चिंध्या हाताकडे आणि डोळ्यांकडे येतात. घर कानसून मोठे करणे तितकेच वाईट. गेलेले पोलाद परत येत नाही. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो.

कारागिराने सॉल्व्हंट लावून घरे मुरू दिली आणि पितळी ब्रश फिरवला. काळी कडी चुरा होऊन बाहेर आली. मग बिनदारूची नमुना काडतुसे एकेक सोडली. आपल्याच वजनाने टक् करून बसली. हिरवी पडलेली खरी काडतुसे त्याने बाजूला काढून रीतसर जमा करायला सांगितली.

परिचितांनी विचारले, “वडिलांची आखूड काडतुसं अर्धा डबा आहेत, चांगली आहेत. ती चालतील?”

“चालतील की,” तो म्हणाला, “पण वापरली की त्याच दिवशी घरं घासा.”