विमान भट्टीत जाण्याआधी

मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘आयएनएस गोमती’ ही युद्धनौका 16 एप्रिल 1988 रोजी नौदलात दाखल झाली आणि 28 मे 2022 रोजी मुंबईतच निवृत्त झाली. जिच्यावरून तिचं नाव ठेवलं ती गोमती नदी लखनौमधून वाहते. म्हणून या जहाजावरची काही युद्धसामग्री लखनौला, नदीकाठी, खुल्या संग्रहालयात मांडायचं नौदलाने आणि उत्तर प्रदेश सरकारने ठरवलं. जहाज कधी ज्या शहरात पोहोचूच शकलं नसतं, तिथे त्याची आठवण राहणार, ही मला फार चांगली गोष्ट वाटते. आणि म्हणूनच त्याच शहरातल्या अमौसी विमानतळाचा विचार मनात येतो. तिथून कितीतरी कुटुंबं पहिल्यांदा आकाशात गेली. पोरं नोकरीसाठी मुंबई-पुण्याला गेली, लग्नाची वऱ्हाडं आली. ज्या बोइंग आणि एअरबस विमानांनी हे केलं, त्यांचं निवृत्तीनंतर काय होतं?

बहुतेकांचं भंगार होतं. डिसेंबर 2023 मध्ये मुंबईहून आसामकडे ट्रेलरवरून निघालेला एका जुन्या विमानाचा सांगाडा बिहारमध्ये मोतिहारीजवळ उड्डाणपुलाखाली अडकला, तेव्हा देशभर त्याचे फोटो फिरले. लोकांना गंमत वाटली. पण ते विमान कोणतं, कोणत्या मार्गांवर उडालं, किती वर्षं उडालं, हे फार थोड्यांनी विचारलं. काही देशांत मात्र गेल्या दहाएक वर्षांत अशा विमानांचं आयुष्य वेगळ्या रीतीने पुढे चालू लागलं आहे. जर्मनीतली ‘एव्हिएशनटॅग’ आणि कॅलिफोर्नियातली ‘प्लेनटॅग्ज’ या कंपन्या निवृत्त विमानांचा बाहेरचा पत्रा विकत घेतात, त्याचे छोटे तुकडे कापतात आणि त्यांवर विमानाचा प्रकार, नोंदणी क्रमांक व तुकड्याचा अनुक्रमांक कोरून संग्राहकांना विकतात. ऑक्टोबर 2022 मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ इथे एका ए-380 विमानाच्या शेकडो भागांचा लिलाव झाला. दुबईच्या एमिरेट्स विमान कंपनीने जुन्या विमानांतल्या आसनांचं कापड आणि चामडं वापरून पिशव्या केल्या.

याला निव्वळ हौस म्हणून सोडून देऊ नये. पत्र्याच्या त्या तुकड्यात पाहण्यासारखं पुष्कळ विज्ञान असतं.

निवृत्त विमान उतरलं की आधी इंजिनं काढतात, कारण सगळ्यांत जास्त पैसा त्यांत असतो. मग उतरण्याची चाकं आणि त्यांचे पाय, शेपटीतलं लहान सहायक इंजिन, कॉकपिटमधली उपकरणं, हायड्रॉलिक पंप, इंधनाचे व्हॉल्व्ह. यांतला प्रत्येक भाग आपल्या कागदांसह फिरतो: अनुक्रमांक, किती तास चालला, कधी दुरुस्त झाला, कुणी सही केली. लखनौच्या फैजाबाद रोडवर हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा अॅक्सेसरीज विभाग आहे. विमानांची अशीच हायड्रॉलिक, इंधनाची आणि मोजमापाची यंत्रणा तिथे बनते आणि दुरुस्त होते. या व्यवसायात कागदाविना आलेला भाग म्हणजे भंगारच, मग तो कितीही चकचकीत असो. 2023 मध्ये ब्रिटनमधल्या ‘एओजी टेक्निक्स’ या पुरवठादाराने इंजिनांचे भाग खोट्या प्रमाणपत्रांसह विकल्याचं उघड झालं, तेव्हा जगभरच्या विमान कंपन्यांना आपली इंजिनं तपासत बसावं लागलं. म्हणूनच टाकून द्यायचे भाग कुणी पुन्हा बसवू नयेत अशा बेताने कापून, वाकवून निकामी करायचे असतात.

हे सगळं निघाल्यावर उरतो तो सांगाडा, आणि तो मुख्यतः अॅल्युमिनियमचा. बोइंगच्या आकड्यांनुसार एका 747-400 विमानात सुमारे 66 टन उच्चबलाचं अॅल्युमिनियम असतं आणि एकूण साठ लाख भाग, त्यांतले निम्मे रिव्हेट आणि तत्सम जोडणीचे.

आता एक तुकडा हातात घेऊ. सात सेंटिमीटर लांब, साडेतीन रुंद, दीड मिलिमीटर जाड. वजन साधारण दहा ग्रॅम. कडेच्या बाजूने भिंगाखाली पाहिलं तर थर दिसतात. सगळ्यांत वर कंपनीचा रंग, बहुधा एकापेक्षा जास्त वेळा दिलेला, त्यामुळे पांढऱ्याखाली जुन्या मालकाचा निळा किंवा लाल पट्टा निघू शकतो. त्याखाली पिवळट-हिरवा प्रायमर. त्याखाली जवळजवळ शुद्ध अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. हा थर ताकदीसाठी नसतो. तो आतल्या मिश्रधातूला गंजापासून वाचवतो. आणि मधोमध खरा पत्रा, बहुतेकदा 2024 या क्रमांकाने ओळखला जाणारा मिश्रधातू: अॅल्युमिनियममध्ये सव्वाचार-साडेचार टक्के तांबं, दीडेक टक्का मॅग्नेशियम, थोडं मँगनीज.

या मिश्रधातूची जन्मकथा मला कायम भुरळ घालते. 1906 मध्ये जर्मनीत आल्फ्रेड विल्म हा धातुशास्त्रज्ञ तांबं-मॅग्नेशियम मिसळलेलं अॅल्युमिनियम तापवून पाण्यात थंड करत होता. पोलादासारखं ते लगेच कडक होईल अशी आशा होती. तसं झालं नाही. पण काही दिवसांनी तोच नमुना पुन्हा मोजला तेव्हा तो नुसता पडून राहूनच बराच कडक झाला होता. यातूनच ‘ड्युरॅल्युमिन’ आलं आणि धातूची विमानं शक्य झाली. कारण कळायला मात्र 1938 साल उजाडलं. फ्रान्समध्ये आंद्रे गिनिए आणि ब्रिटनमध्ये जॉर्ज प्रेस्टन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, दाखवलं की तांब्याचे अणू हळूहळू सरकत स्फटिकाच्या ठरावीक पातळ्यांवर गोळा होतात आणि अणूभर जाडीच्या चकत्या तयार करतात. या चकत्या स्फटिकातल्या दोषांची वाट अडवतात. धातू सहजी वाकत नाही. आपल्या हातातल्या दहा ग्रॅममध्ये अशा अगणित चकत्या आहेत.

या पत्र्याने काय सोसलं तेही पाहू. अकरा किलोमीटर उंचीवर बाहेर उणे 55 अंशांच्या आसपास थंडी आणि अतिविरळ हवा. आत प्रवाशांसाठी सुमारे अडीच हजार मीटर उंचीइतका दाब राखलेला. दोन्हींतला फरक दर चौरस मीटरला सुमारे सव्वापाच टनांचा. प्रत्येक उड्डाणात विमानाचं अंग किंचित फुगतं आणि उतरल्यावर पुन्हा बसतं. हजारो वेळा असं झालं की रिव्हेटच्या छिद्रांच्या कडांना केसासारख्या भेगा पडू शकतात. 28 एप्रिल 1988 रोजी हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या 737 विमानाचा पुढचा वरचा भाग उडता उडता निघून गेला. एका हवाई सेविकेचा जीव गेला. ते विमान जवळपास 90 हजार वेळा उडालं होतं. त्यानंतर जुन्या विमानांची तपासणी जगभर कडक झाली. म्हणून रिव्हेटच्या छिद्रांची ओळ असलेला तुकडा मला गुळगुळीत तुकड्यापेक्षा अधिक मोलाचा वाटतो, जरी संग्राहक रंगाकडे आधी बघत असले तरी.

आता माझा मुख्य मुद्दा. पत्रा कापणं आणि पत्रा वितळवणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आपली पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ 2014 मध्ये मुंबईच्या दारूखान्यात तोडली गेली आणि तिच्या काही पोलादाचा उपयोग बजाजने 2016 मध्ये आणलेल्या ‘व्ही’ मोटरसायकलसाठी केला. लोकांनी ती आपुलकीने विकत घेतली आणि त्या आपुलकीचा मी आदरच करतो. पण पोलाद वितळलं की त्याची जुनी रचना पुसली जाते. अॅल्युमिनियमचंही तेच. भट्टीत गेल्यावर त्या चकत्या विरघळतात, भेगा जातात, थर जातात, रंग जळतो. उरतो फक्त धातू. ऊर्जेच्या दृष्टीने हे उत्तमच आहे, कारण जुनं अॅल्युमिनियम पुन्हा वापरायला नव्याच्या मानाने अवघी पाच टक्के ऊर्जा लागते. मात्र अंगाचा तांबेयुक्त पत्रा आणि पंखांतला जस्तयुक्त मिश्रधातू एकत्र वितळले की त्यातून पुन्हा विमानाचा पत्रा करणं कठीण, आणि माल बहुधा ओतीव भागांकडे जातो. वितळवावं जरूर, पण आधी एक पत्रा कापून ठेवावा.

कापताना तापवायचं नाही हेही ओघाने आलं. पाण्याच्या तीव्र झोताने किंवा ठशाने कापलं तर पत्र्याची रचना टिकते; गॅसच्या ज्योतीने कापलं तर कडेपासून आत बरीच बिघडते. कडा कानशीने मारून घ्यायच्या, रंगाला हात लावायचा नाही. आणि त्या पिवळट-हिरव्या प्रायमरची धूळ नाकातोंडात जाऊ द्यायची नाही: जुन्या प्रायमरमध्ये क्रोमेट असतं आणि ते कर्करोगकारक आहे. घरी सँडपेपर घेऊन बसणाऱ्या हौशी मंडळींना हे कळकळीने सांगावंसं वाटतं. डाकोटा विमानांच्या काळातली घड्याळांसारखी उपकरणं लखनौच्या नक्खास बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली, तर काच उघडू नका. त्या काळी अंधारात चमकणाऱ्या काट्यांना रेडियमचा रंग असे. सुरुवातीच्या काही 747 विमानांच्या शेपटीत तोल साधायला क्षीण युरेनियमची वजनंही होती.

दुसरी निकड काळाची आहे. बोइंग 787 च्या रचनेचं निम्मं वजन कार्बन तंतूंच्या संमिश्राचं आहे. ते कापलं की थर सुटतात आणि बारीक धूळ उडते. ना ते धातूसारखं वितळतं, ना धातूसारखं कोरता येतं. अंग अॅल्युमिनियमचं असलेली मोठी प्रवासी विमानं आता हळूहळू संपत जाणार. एअर इंडियाची शेवटची चार जम्बो विमानं, ‘खजुराहो’, ‘अजिंठा’, ‘आग्रा’ आणि ‘वेल्हा गोवा’, अमेरिकेतल्या कंपनीला विकली गेली. 22 एप्रिल 2024 रोजी ‘आग्रा’ मुंबईहून उडाली तेव्हा वैमानिकाने पंख हलवून निरोप घेतला.

पण नुसता पत्रा राखून भागत नाही. एकाच कारखान्यातल्या दोन 737 विमानांचे पत्रे प्रयोगशाळेत दिले, तरी कोणता कुणाचा हे धातू सांगणार नाही. ते सांगतो कागद. कागद सुटला की आख्खं विमानही हरवतं: इंडियन एअरलाइन्समधून सुरुवात केलेलं एक बोइंग 737-200 कोलकाता विमानतळावर बारा-तेरा वर्षं उभं होतं आणि मालकीच्या नोंदींतूनच ते निसटलं होतं. विमानतळाने हलवायला सांगितलं तेव्हा एअर इंडियाला ते आपलं असल्याचं उमगलं. 2025 च्या अखेरीस ते रस्त्याने बंगळुरूला अभियंत्यांच्या प्रशिक्षणासाठी गेलं.

पत्रा टिकवण्याचं म्हणाल, तर लखनौमध्येच 1976 पासून सांस्कृतिक मालमत्तेच्या संवर्धनाची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा आहे. धातूच्या मूर्ती आणि चित्रं टिकवण्याचं शास्त्र जाणणाऱ्या तिथल्या माणसांना विमानाचा पत्रा परका वाटणार नाही. अॅल्युमिनियमला पोलादाचा स्क्रू लागला आणि पावसाळ्याची ओल बसली, तर अॅल्युमिनियम आधी खाल्लं जातं. रंगाखाली दोऱ्यासारखा गंज सरकतो. दोन्ही टाळता येतात: मध्ये प्लास्टिकची चकती, कोरडी हवा, आणि पॉलिश अजिबात नाही.

विमान भंगारवाल्याच्या हवाली करण्याआधी ‘व्हीटी’ने सुरू होणाऱ्या नोंदणी अक्षरांचा पत्रा, दोन खिडक्यांची चौकट आणि दाराजवळची रिव्हेटची एक ओळ काढून घ्यायला कामगारांना फार वेळ लागणार नाही. कापण्याआधी जागेवरचे फोटो, मागे कोरलेला क्रमांक, उड्डाणांच्या नोंदवहीचा एक पानी गोषवारा. एक संच मुंबईला, एक नागपूरच्या मिहानमधल्या विमान-देखभाल केंद्रापाशी आणि, ते विमान लखनौला उतरत असे तर, एक गोमतीच्या काठी.