इंजिनाखालचे रबर

खोपटच्या एस. टी. स्थानकात चालू स्थितीत उभ्या असलेल्या बसची खिडकी थरथरते. पण इंजिनाचा सारा हादरा काही आपल्या अंगात शिरत नाही. याचे कारण साधे आहे. इंजिन सांगाड्यावर सरळ बसविलेले नसते. लोखंडी पट्ट्यांना घट्ट जोडलेल्या रबराच्या तुकड्यांवर ते तोललेले असते. गॅरेजमध्ये यास 'फाउंडेशन' किंवा 'माउंटिंग' म्हणतात. गिअरबॉक्सलाही तो आधार असतो. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९३१ साली प्लिमथ गाडीत ही युक्ती 'फ्लोटिंग पॉवर' या नावाने गाजविली.

हे रबर वजन पेलते आणि पीळही सोसते; कारण चाके फिरविताना इंजिन स्वतः उलट दिशेस कलू पाहते. उष्णता, वय आणि गळके तेल हे त्याचे तीन वैरी. तेलाने रबर फुगते, मऊ पडते व पट्टीपासून सुटते.

मोटारीची तपासणी अशी करावी. इंजिन थंड असताना बॅटरीच्या उजेडात रबर पाहावे. वरवरच्या बारीक रेषांना भिऊ नये. खोल चीर, दबलेला आधार किंवा पट्टीपासून सुटलेले रबर मात्र वाईट. काही माउंटिंगांत द्रव भरलेला असतो. तो पाझरला की ते निकामी समजावे. मग चेंबरखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकने वजन किंचित उचलावे. रबर व पट्टी यांत फट पडली की निकाल लागला. शेवटी हँडब्रेक ओढून, पायाचा ब्रेक दाबून, पहिल्या व नंतर मागच्या गिअरमध्ये क्लच जरासा सोडावा. इंजिन थोडे डुलणारच; धाडकन उचलले गेले तर आधार तुटला आहे. या वेळी गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभे राहू नये. हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण तेथे बहुधा उभे केले जाते ते शिकाऊ पोर!

नुसती थरथर मात्र प्लगच्या दोषानेही होते. गाडी सुटताना व गिअर बदलताना 'खड्' आवाज येत असेल, तर संशय माउंटिंगावर घ्यावा. एक तुटल्यास बाकीचीही पाहावीत. त्यांच्यावर जादा भार पडलेला असतो.

काही वर्षांपूर्वी एका खासगी मालकाने 'क्लच झटक्याने सोडून माउंटिंग तोडले' म्हणून ड्रायव्हरच्या पगारातून खर्च कापावयाचे ठरविले. आम्ही तो तुकडाच चौकशीच्या टेबलावर ठेवावयास लावला. ताजी चीर स्वच्छ असते. या चिरेत तेल व धूळ घट्ट बसली होती. अर्थात ती जुनी होती आणि तेलाची गळती त्याहून जुनी. कपात रद्द झाली.

आम्ही इंजिनियर नव्हे. गॅरेजच्या दारात उभे राहून शिकलो. पण एवढे शिकलो, की माणसावर ठपका ठेवण्यापूर्वी गाडीखाली वाकून पाहावे.