मेंढ्यांस होणारा बुरशीचा उपद्रव

आणे पठारावर पाऊस बेताचा व माळरान पुष्कळ. म्हणून येथील शेतीस मेंढीची जोड फार दिवसांची आहे. ज्यांच्या घरीं मेंढ्या नाहींत तेही धनगराचा कळप शेतांत बसवून खत घेतात. आम्ही महसुली दप्तरांत आयुष्य घालविलें. त्यांत जनावरांची गणती असते. मेंढी कशानें मेली हें नसतें. तें शोधणें धन्याकडे राहतें, आणि त्या कारणांपैकीं बुरशीकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं.

ॲस्परजिलस नांवाच्या बुरशीचें वर्णन मिकेली या इटालियन पाद्र्यानें १७२९ सालीं केलें. तिचे बीजकण २ ते ३ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही लहान असतात. ते हवेंत सर्वत्र आहेत. मेंढीच्या अंगची १०२–१०३ अंश फॅरनहाइट उष्णता बहुतेक बुरशींस सोसत नाहीं. या जातींतील कांहींस मात्र ती मानवते. तरीही धडधाकट मेंढी ते कण बाहेर टाकते. ती दुबळी झाली म्हणजेच ते तिच्या अंगांत रुजतात.

ही संधि त्यांस चार प्रकारें मिळते. पहिला, परतीच्या पावसांत भिजलेलें बाजरीचें सरमड किंवा कडबा. तो झटकतांच कणांचा धूर उठतो. दुसरा, उपासमार, जंत किंवा पीपीआरसारख्या रोगानें आलेली अशक्तता. तिसरा, धान्याच्या राशींत तोंड घातल्यानें झालेलें अजीर्ण; आंबटपणानें पोटाचें अस्तर सोलतें व बुरशी तेथें शिरते. मेंढी त्या दिवशीं वांचते, पण पुढें चार-आठ दिवसांत दगावते. चौथा, ऐकीव सल्ल्यानें दिलेलीं प्रतिजैविकें. त्यांनीं पोटांतील उपकारक जंतु मरतात, बुरशी मात्र मरत नाहीं.

छातींत बुरशी असल्यास मेंढी खोकते, धापा टाकते, खंगते, आणि सुया टोचूनही उतार पडत नाहीं. मेल्यावर फुप्फुसांत पिवळट-पांढऱ्या गाठी दिसतात. परंतु तशा गाठी इतर रोगांतही होतात. म्हणून पशुवैद्याकडून शवपरीक्षा करवून, गरज पडल्यास नमुना पुण्यास औंध येथील पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण प्रयोगशाळेकडे पाठवावा. हा रोग एका मेंढीचा दुसरीस लागत नाहीं. तोंडाकानांवर गोल खवले आणणारें गजकर्ण मात्र लागतें, आणि मेंढपाळासही होतें. तसें जनावर वेगळें बांधावें.

बुरशीवर औषधें आहेत, पण कळपास परवडतील अशीं नाहींत. तेव्हां प्रतिबंध हाच उपाय. गंजी उंच दगडी ओट्यावर रचावी व वरून झांकावी. बुरा आलेला चारा झटकून घालूं नये; नाकातोंडास फडकें बांधून तो दूर खड्ड्यांत पुरावा. वाड्याची जमीन मुरूम टाकून कोरडी ठेवावी. जंताचें औषध व लशी वेळेवर द्याव्या. खळ्यावर राखण ठेवावी. पशुवैद्यास विचारल्यावांचून सुई टोचूं नये. पावसाळा सरतांच प्रत्येकानें आपली गंजी एकदां उकलून पाहावी, इतकीच आमची वाचकांस विनंति आहे.