देवदार आणि देवदारी

मराठी व्यवहारात ‘देवदारी’ हा शब्द चांगलाच रूढ आहे. खोकी व हलक्या फळ्या ज्या पांढरट, स्वस्त लाकडाच्या करतात, त्यास सरसकट हे नाव दिले जाते. ‘देवदारु’ म्हणजे देवांचे लाकूड. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात ज्याचा उल्लेख येतो तो हिमालयातील वृक्ष हाच; परंतु खोक्यांचे लाकूड बहुधा चीड, कैल ह्यांसारख्या पाइनवर्गातील वृक्षांचे अथवा स्प्रूस किंवा फर ह्यांचे असते. एका नावाखाली अनेक जाती वावरत असल्याने लाकडाची परीक्षा प्रत्यक्ष छेदावरून करणे श्रेयस्कर होय.

‘मृदुकाष्ठ’ ही शास्त्रीय संज्ञाही अशीच फसवी आहे. ती सूचिपर्णी वृक्षांच्या लाकडास लावतात. त्यात कठीणपणाचा विचार नसतो. म्हणूनच अत्यंत हलके बाल्सा हे शास्त्रदृष्ट्या कठीणकाष्ठांत मोडते.

परीक्षेची रीत सोपी आहे. फळीचे टोक धारदार पात्याने साफ कापून दहापट भिंगाखाली पाहावे. सागात स्पष्ट छिद्रे दिसतात. मृदुकाष्ठात तशी छिद्रे नसून वार्षिक वाढीचे फिकट व गडद पट्टे तेवढे असतात. त्यांत राळेच्या नलिकांचे बारीक ठिपके विखुरलेले आढळल्यास लाकूड पाइनचे समजावे. स्प्रूसमध्ये ते विरळ व सूक्ष्म असतात, तर फरमध्ये सामान्यतः नसतात. खऱ्या देवदारातही ते सामान्यतः नसतात. तथापि त्याचा पिवळसर तपकिरी गाभा व उग्र सुवास ह्यांमुळे तो फरपासून सहज वेगळा ओळखता येतो.

कामातही हा भेद जाणवतो. पाइनचे फिकट पट्टे मऊ व गडद पट्टे कठीण असल्याने रंध्याचे पाते तीक्ष्ण हवे. टोकाजवळ खिळा ठोकण्यापूर्वी गिरमिटाने भोक पाडावे, अन्यथा फळी चिरते. गाठींतील राळ रंगातून वर येऊ नये म्हणून त्यांवर आधी चपड्याचा हात द्यावा. देवदारातील तेलामुळे त्यावरही रंग वा पॉलिश नीट बसत नाही.

सर्वांत महत्त्वाचा भेद टिकाऊपणाचा. देवदाराच्या गाभ्याचे रेल्वेचे स्लीपर रासायनिक प्रक्रियेवाचून वापरले जात. चिडाच्या स्लीपरांस मात्र क्रिओसोट द्यावे लागे. कोकणासारख्या दमट प्रदेशात प्रक्रिया न केलेल्या ‘देवदारी’ लाकडाची चौकट बसविल्यास ती वाळवी व बुरशी ह्यांस लवकर बळी पडते. म्हणून खरेदीच्या वेळी जातीची व प्रक्रियेची स्वतंत्र चौकशी करणे इष्ट. ‘देवदारी’ हा शब्द लाकडाचा उपयोग सांगतो. त्याच्या टिकाऊपणाची हमी त्यातून मिळत नाही.