द्राक्षाला थांबता येत नाही

कांदा चाळीत भरून ठेवता येतो, सोयाबीन घरात महिनोन्‌महिने थांबते. द्राक्षाला ही सवड नाही. साखर उतरली की घड खुडावाच लागतो. त्यात अवकाळीची एक सर आली तर मणी तडकतात आणि वर्षभराचे कष्ट मातीत जातात. नाशिककडच्या दिंडोरी-निफाडचा बागायतदार मोठ्या कंपनीशी का जोडून घेतो, याचे पहिले उत्तर मला या घाईत दिसते. जास्त दराची आशा असतेच, पण ती नंतरची.

एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, डावण्या-भुरीच्या फवारण्या, जीए या संजीवकात घड बुडवणे, विरळणी. सगळा खर्च खुडणीआधीचा आणि बराचसा उधारीवरचा. शेवटी परगावचा व्यापारी बांधावर सौदा करतो, थोडी उचल देतो, गाड्या भरतो आणि मग त्याचा फोन लागेनासा होतो. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांना अशा फसवणुकीविरुद्ध मोहीमच उघडावी लागली. ज्याने हे एकदा सोसले, तो किलोमागे दोन रुपये कमी घेईल. त्याला पैसे ठरल्या तारखेला खात्यात हवे असतात.

निर्यातीत तर एकट्याचे काम नाही. खुडणीआधी फवारलेल्या औषधांच्या उर्वरित अंशाची तपासणी, काही तासांत प्रीकूलिंग, शून्य अंशाच्या आसपास गार कंटेनर, काही आठवड्यांचा समुद्रप्रवास. १९९१ मध्ये सहकारी संस्थांनी मिळून उभारलेली महाग्रेप्स याच गरजेतून आली. तरीही २०१० मध्ये युरोपात पोचलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. तपासणीच्या यादीत हे संजीवक नव्हतेच! माल अडकला, निर्यातदार बुडाले आणि नियम पाळणाऱ्या शेतकऱ्यांचेही पैसे गेले. असा फटका पेलायला मोठे अंग लागते, हे त्या हंगामाने गावोगावी शिकवले.

पण ते अंग कुणाचे? विलास शिंदे यांच्या पुढाकाराने मोहाडीत उभ्या राहिलेल्या सह्याद्री फार्म्सचे उत्तर मला सर्वांत मोलाचे वाटते. इथे कंपनी मोठी आहे आणि भागधारक शेतकरीच आहेत. उत्पादक कंपनीची तरतूद कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आली. तिचा असा वापर फार थोड्यांनी केला. २०२२ मध्ये सह्याद्रीच्या प्रक्रिया-विपणन कंपनीत युरोपीय गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले. बाहेरचे भांडवल आल्यावर शेतकऱ्याचा शब्द किती चालतो, इकडे सभासदांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

कारण कंपनीशी केलेला करार संकटात टिकतोच असे नाही. २००८ च्या मंदीनंतर वाइनची मागणी घसरली, वायनऱ्यांनी माल उचलला नाही आणि नाशिककरांनी वाइनच्या बागा तोडल्या. चांगल्या वर्षीही पॅकहाऊसमध्ये रिजेक्शन किती काढायचे, हे सहसा घेणाराच ठरवतो. शेतकऱ्यासमोर प्रतवारी होत नसेल, तर करारातल्या दराला अर्थ उरत नाही.

आता वाणही करारातून येतात. पूर्वी बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी तास-ए-गणेश आणि नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका आपल्याच बागांतून निवडले, आणि त्यांच्या काड्या हातोहात शिवारभर गेल्या. आरासारखे परदेशी पेटंटचे वाण टपोरे आहेत, पावसात तुलनेने तग धरतात, त्यांना परदेशी ग्राहकही आहे. मात्र त्यांची लागवड परवान्याने, रॉयल्टी भरूनच होते, आणि आपल्या बागेतली काडी शेजाऱ्याला देता येत नाही.