पट परत आला, पण जोडी कुठे आहे?

गेल्या पोळ्याला पारावर बसलो होतो. तोरणाखाली किती जोड्या आल्या ते मोजत होतो, आणि मोजायला फार वेळ लागला नाही. तेवढ्यात हैदराबादेत शिकणाऱ्या आपल्यातल्याच एका पोराने विचारले, "काका, हद्दीपलीकडे महाराष्ट्रात शंकरपट पुन्हा सुरू झाले. कोर्टाने परवानगी दिली म्हणतात. मग आपल्या नार्नूरला का भरवत नाही?"

प्रश्न सरळ होता, पण त्याचे उत्तर मला पारावर बसून देता आले नाही. म्हणून इथे लिहितो आहे.

ज्यांनी पट पाहिलाच नाही अशा घरातल्या लेकरांसाठी आधी थोडे सांगतो. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला बैलगाडा शर्यत म्हणतात, त्याचाच आपल्या विदर्भाकडचा भाऊ म्हणजे शंकरपट. कापूस-तूर घरात आली, संक्रांत झाली की गावाबाहेर सरळ, लांब, माती बसवलेली दाण तयार करायची. हलक्या छकड्याला जोडी जुंपायची, वर धुरकरी बसतो, झेंडी पडली की जोडी सुटते. सगळा खेळ काही सेकंदांचा. पूर्वी डोळ्याने निकाल लागत असे, आता घड्याळ सेकंदाचा शंभरावा भाग दाखवते. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर दूरवर नावाजलेला. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीत दिवसा पट आणि रात्री नाटक, असा जोडीचा कार्यक्रम असे. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांचा हंगाम ह्या पटांवर आणि मंडईंवर उभा राहिला. पटाला पाहुणे येत, लेकी माहेरी येत, सोयरिकी जमत. बांगड्यावाला, जिलबीवाला, दोरखंडवाला यांची कमाई वेगळीच. म्हणून पट बंद झाला तेव्हा नुसता बैलवाला बसला नाही, त्याच्या मागे बरीच चुलाणी थंड झाली.

तो का बंद झाला? ११ जुलै २०११ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अस्वल, माकड, वाघ, सिंह यांच्या यादीत बैलही घातला. अर्थ असा, की खेळ-करमणुकीसाठी त्याला शिकवायचे नाही आणि दाखवायचे नाही. त्यानंतर ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूसोबत बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. त्या निकालात एक मुद्दा असा होता, की घोड्याची ठेवण पळण्याची, बैलाची ओढण्याची. तो आपल्या खुशीने शर्यत पळत नाही, भीतीने आणि वेदनेने पळतो.

आपल्यातल्या पुष्कळांना हे वाक्य तेव्हा लागले. मलाही लागले होते. बैलाला आपण पोळ्याला पुरणपोळी चारतो, आपल्याला कोण शिकवणार, असे वाटले. पण रागाबाहेर येऊन खरे बोलायचे तर पटाच्या दाणीवर काय चालायचे ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. तुतारीला आर असते, ती वखर हाकताना टोचतात आणि पटात खुपसतात, यात फरक आहे. शेपटी पिरगाळणे, दाताने चावणे, डोळ्यांत-नाकात काहीबाही घालणे, पुढे पुढे तर बॅटरीचा झटका देणे, हे प्रकार न्यायालयात पुराव्यानिशी मांडले गेले होते. माझ्या वडिलांनी एकदा आमची जोडी पटाला नेली होती. परत आल्यावर डाव्या बैलाच्या पुठ्ठ्यावर रक्त वाळलेले आईने पाहिले. तिने पाणी गरम केले, हळद लावली आणि आठ दिवस वडिलांशी बोलली नाही. जोडी दुसऱ्यांदा गेली नाही. कायद्याच्या आधी आमच्या घरी बंदी आईने आणली होती.

पुढे महाराष्ट्राने २०१७ मध्ये आपल्यापुरता कायदा दुरुस्त केला. उच्च न्यायालयाने शर्यती थांबवून ठेवल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर मोकळ्या केल्या, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिघांचेही दुरुस्ती कायदे कायम ठेवले. महाराष्ट्रात आता धाव १००० मीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागते, काठी-चाबूक-तुतारी चालत नाही, जनावरांचा डॉक्टर हजर लागतो, चित्रीकरण जमा करावे लागते. बैलाला इजा केली तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद.

आता त्या पोराच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळते. त्या तीन राज्यांत तेलंगणा नाही. महाराष्ट्राचा कायदा महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. आपण मराठी बोलतो, सोयरीक तिकडची करतो, पंचांग तिकडचे पाहतो, पण कायदा हैदराबादचा आणि दिल्लीचा. तिकडच्या निकालाच्या भरवशावर इकडे दाण आखली तर गुन्हा आयोजकांवर, म्हणजे आपल्याच पोरांवर दाखल होईल. हे मंडळाच्या तरुणांनी नीट ध्यानात ठेवावे.

उरलेले अर्धे उत्तर मला जास्त महत्त्वाचे वाटते. समजा, उद्या तेलंगणानेही परवानगी दिली, तर पटाला जुंपायला जोड्या कुठे आहेत?

२०१२ च्या पशुगणनेत देशात गाय-वर्गातली नर जनावरे, म्हणजे गोऱ्हे, बैल आणि वळू मिळून, सुमारे ६ कोटी ७९ लाख होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे ४ कोटी ७४ लाख भरली. सात वर्षांत शंभरातली तीस गेली. ह्यात कोर्टाचा हात नाही. नांगरटी ट्रॅक्टरने गेली, पेरणीही जात चालली, राहिला डवरा, त्यालाही आता तणनाशकाचा फवारा आला. वर्षातून मोजके दिवस लागणाऱ्या जोडीला बारा महिने कुटार-कडबा, ढेप, सरकी घालायची कोणी? गडी मिळत नाही, गायरान उरले नाही. कास्तकाराने हिशोब केला आणि जोडी विकली. एकरावर भाडे देऊन ट्रॅक्टर बोलावला की काम एका दिवसात होते. त्याला दोष देता येत नाही, मीही तेच केले आहे.

जुना पट ह्या कामाच्या जोडीचा होता. काल वखराला चाललेली जोडी आज पटात, परवा पुन्हा बंडीला. पट जिंकला तर जोडीचा बाजारभाव वाढे, हरला तर जोडी आपली वावरात. हरलेल्या बैलालाही काम होते, म्हणून त्याला दावणही होती. वर्ध्याकडचा गवळाऊ चपळ म्हणून नावाजला तो आधी गाडीला चालणारा म्हणून. पट ही त्याच्या कामाची परीक्षा होती.

आताचा शर्यतीचा बैल वेगळा. तो शर्यतीसाठीच घ्यायचा, लाखांत घ्यायचा, त्याला दूध-अंडी-बदाम चारायचे, वखर त्याला दाखवायचासुद्धा नाही. पुणे-सांगलीकडे बक्षिसात ट्रॅक्टर, चारचाकी, जेसीबी ठेवतात. बैलाने पळून ट्रॅक्टर जिंकायचा, ह्यावर हसावे की रडावे कळत नाही. हा खर्च साध्या कास्तकाराच्या आवाक्यातला नाही. मालक बदलला, प्रायोजक आले, पुढाऱ्यांचे फलक आले. २०२२ मध्ये लम्पी पसरला आणि शर्यती थांबवल्या गेल्या, तेव्हा शर्यतीशिवाय ह्या बैलांना दुसरे कामच नाही हे उघडे पडले.

ज्या जनावराला पळण्याशिवाय दुसरे काम नाही, त्याचे काय होते, हे पाहायचे असेल तर थोडे लांब जावे लागेल. इंग्लंड-अमेरिकेत ग्रेहाउंड जातीच्या कुत्र्यांच्या शर्यती शंभर वर्षे चालल्या. पुढे यंत्रावरचा खोटा ससा पळतो, मागे कुत्री, आणि लोक पैजा लावतात. फ्लोरिडा राज्यात १९३१ पासून ह्या पैजेला कायद्याची मान्यता होती. पण लॉटरी आली, कॅसिनो आले, माणसे तिकडे वळली. मैदाने ओस पडली तरी शर्यती चालूच, कारण पत्त्यांचा जुगार चालवायचा परवाना हवा तर कुत्री पळवलीच पाहिजेत, अशी कायद्याची गाठ होती. रिकाम्या बाकांपुढे कुत्री पळत राहिली. शेवटी नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून, १०० पैकी ६९ जणांनी हो म्हणून, २०२० अखेर शर्यती बंद केल्या. न्यूझीलंडच्या सरकारनेही डिसेंबर २०२४ मध्ये त्या बंद करण्याचा निर्णय जाहीर केला.

ह्यात आपल्या कामाचे आहे ते पुढचे. ग्रेहाउंड कुत्रा दीड वर्षाचा झाला की पळायला लागतो आणि चार-पाच वर्षांचा होईतो उतरतो. जगतो बारा वर्षे. म्हणजे पळून झाल्यावर सात-आठ वर्षे त्याला कोणीतरी पोसले पाहिजे, आणि त्याची तरतूद धंद्याच्या हिशोबात कधी नव्हती. मकाऊचे मैदान २०१८ च्या जुलैत बंद झाले तेव्हा मागे पाचशेवर कुत्री उरली. प्राणिमित्रांनी धडपड करून त्यांना घरे शोधली, कित्येक तर विमानाने दुसऱ्या देशात गेली. कुत्रा निदान सोफ्यावर झोपू शकतो. बैलाला कोण घरात घेणार?

बैलाचे आयुष्यही पंधरा-वीस वर्षांचे, पळण्याची उमेद मात्र थोडी वर्षे. पूर्वी म्हाताऱ्या बैलाचे काय होई हे आपल्याला ठाऊक आहे, त्यावर बोलायला आवडत नाही. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्या कायद्याबद्दल आपल्यात दोन मते आहेत, तो वाद इथे नको. पण हिशोब असा झाला, की उतरलेला बैल बाजारात जवळजवळ बिनमोलाचा. गोशाळेत जागा नाही, वावरात काम नाही. मग तो कुठेतरी दोर सोडून दिला जातो, आणि सकाळी कुणाच्या तरी कपाशीत उभा सापडतो. महाराष्ट्राच्या शर्यतीच्या नियमांत दाणीची लांबी आहे, डॉक्टर आहे, चित्रीकरण आहे. पण शेवटची धाव झाल्यानंतर ह्या बैलाला कोण सांभाळणार, हे परवानगीच्या अर्जात मालकाकडून लिहून घेतले पाहिजे, असे माझे मत आहे. पट भरवणाऱ्या कमिटीने जमा झालेल्या वर्गणीतून उतरलेल्या बैलांच्या चाऱ्यासाठी वाटा काढला तर अधिक चांगले. त्याला कायद्याची वाट पाहायची गरज नाही.

मी पटाच्या विरोधात नाही. दाणीच्या कडेला उभे राहिल्यावर अजून माझ्याही पायाखालची जमीन थरथरते. गेल्या हंगामात पाहुण्यांच्या गावी एक पट पाहिला. तुतारी कुणाच्या हातात दिसली नाही, डॉक्टर मांडवात बसून होता, हे चांगले वाटले. बक्षीस घेतलेली पांढरी जोडी छकड्यापासून सोडली तेव्हा मी जवळ गेलो. जुनी माणसे विचारायची तेच विचारले, "वखराला कशी चालते?"

मालक हसला. म्हणाला, "काका, ह्यांनी वखर पाहिलाच नाही."

"आन् पळणं झाल्यावर?"

तो उजव्या बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "पाहू. अजून दोन वर्षं आहेत."